फरक कळतो, पण कितीजणांना?

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून आलेली ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी नवीन’ ही वाणे बागायतदारांच्या ओळखीची आहेत. अशा एखाद्या नव्या वाणाचा रस जुन्यापेक्षा वेगळा लागतो का, याचा निवाडा शेवटी जिभेनेच करायचा असतो. त्यासाठी चवपरीक्षणात तीन पेल्यांची चाचणी असते. दोन पेल्यांत एकच रस आणि तिसऱ्यात दुसरा असतो, त्यातला वेगळा पेला ओळखायचा. काहीच कळले नाही तरी अंदाजपंचे उत्तर तिघांत एकाचे बरोबर येते. आता समजा, ३०० जणांपैकी १२० जणांनी पेला बरोबर ओळखला. निव्वळ नशिबाने इतके यश मिळण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. फरक ‘लक्षणीय’ ठरला, बातमी झाली. पण चुकलेल्यांकडे पाहा. अंदाज करणारे तीनपैकी दोनदा चुकतात. चुकलेले १८०, म्हणजे अंदाज करणारे सुमारे २७०. चव खरोखर कळलेले उरले तीस, दहा टक्के! उलट, १२ जणांपैकी ७ जणांनी पेला ओळखला, तर नशिबाची शक्यता सहा-सात टक्के निघते आणि पाच टक्क्यांच्या रूढ रेषेपुढे हा प्रयोग नापास होतो. तोच हिशेब इथे लावला, तर चव कळलेले एक तृतीयांशाहून जास्त भरतात. छोटा परिणाम पास आणि मोठा नापास, कारण रेषेवरचा निकाल परिणामाइतकाच माणसांच्या संख्येवरही ठरतो.

या रेषेची प्रसिद्ध गोष्टही पेल्यातलीच आहे. दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून सांगण्याचा दावा करणाऱ्या बाईंची परीक्षा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५च्या पुस्तकात मांडली. आठ कपांतले चार अचूक निवडण्याची नशिबाची शक्यता सत्तरात एक. हा किस्सा सगळे सांगतात. आपल्याकडच्या दोघांची आठवण मात्र क्वचितच निघते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे तिशीच्या दशकात लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे, म्हणजे परिकल्पना-चाचणीचा सिद्धांत घडवणाऱ्यांच्याच हाताखाली, शिकले. पुढे वि. गो. पानसे यांच्याबरोबर त्यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४मध्ये आले आणि कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. शेतीच्या प्रयोगाचा तक्ता पाहिला की खाली ‘सी. डी.’ (क्रिटिकल डिफरन्स) दिसते. दोन वाणांतला फरक किती क्विंटलांचा असला तर तो खरा धरायचा, हे ती क्विंटलांतच सांगते. त्यामुळे परिणाम किती मोठा आहे, हे नजरेआड होत नाही. मानसशास्त्राने मात्र बराच काळ नुसत्या शक्यतेच्या आकड्यावर भिस्त ठेवली. २०१५मध्ये शंभर प्रयोगांच्या फेरतपासणीचे निकाल आले. मुळातले ९७ लक्षणीय होते. फेरतपासणीत जेमतेम ३६ टक्के टिकले आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला.

यावर कोणी म्हणेल, संवेदनेला क्विंटल कुठून आणायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी फरक विखुरणीच्या मापात मोजला आणि ०.२ छोटा, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असे टप्पे सुचवले. हे टप्पे गरजेपुरते होते, पण लोकांनी तेही घोकले. मला तीन पेल्यांच्या चाचणीतले ‘शंभरांत इतक्यांना कळते’ हे माप जास्त प्रामाणिक वाटते. दुसरा आक्षेप असा की बारा जणांवर भरवसा कसा ठेवायचा? ठेवू नयेच. त्यांचा खरा आकडा जवळपास शून्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो आणि हा पल्ला निकालासोबत छापला पाहिजे. ‘फरक नाही’ म्हणणे वेगळे, ‘अजून सांगता येत नाही’ म्हणणे वेगळे. दहा टक्केही थोडे नाहीत, असे रसविक्रेता म्हणेल आणि लाखो गिऱ्हाइकांच्या बाजारात ते खरेही आहे. पण त्या दहा टक्क्यांनी पेला फक्त वेगळा ओळखलाय. त्यांना तो आवडला का, हे या चाचणीत कोणी विचारलेलेच नाही.