उडालेला कपटा

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकले, फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या, आणि आमची नात कंगवा व कागदाचे कपटे घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. शाळेच्या पुस्तकात प्रयोग होता : केसांवरून कंगवा फिरवा, कपट्यांजवळ न्या, कपटे चिकटतात. पण बाईसाहेबांच्या केसांत सुवासिक तेल मुरलेले. एक कपटा हलेल तर शपथ!

भाऊबीजेला शिकेकाईने न्हाऊन केस खडखडीत वाळल्यावर पुन्हा बैठक मांडली. आमच्या पुण्याची हवाही कार्तिकात कोरडी असते. (श्रावणात मुंबईला मुलीकडे हाच प्रयोग दाखवताना माझी चांगलीच फजिती झाली होती. दमट हवेत कंगव्यावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो आणि विद्युतभार त्यावरून निसटून जातो.) या खेपेला कपटे टुणकन उडून चिकटले. ‘शाबास!’ म्हणून मी पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले.

“पण आजोबा, हा परत का उडाला?”

पाहतो तो, क्षणापूर्वी चिकटलेला एक कपटा कुणी भिरकावल्यासारखा दूर जाऊन पडला होता.

माझ्या पोटात कालवले. मी तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले. १९८० च्या सुमारास सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने मला नेमके हेच विचारले होते. उत्तर मला येत नव्हते आणि घंटाही व्हायची होती. “तुझ्या श्वासाने उडाला असेल. बस खाली,” मी म्हणालो. वर्ग हसला. त्या मुलाने पुढे माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

उत्तर मला फार उशिरा, वाचनात सापडले. घासलेला तृणमणी गवताची काडी ओढतो, हे त्याच्या नावातच आहे. ग्रीक लोक त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. ओढण्याचे कौतुक असे जुनेच. पण उडण्याचा पिच्छा पुरवला तो पॅरिसच्या शार्ल द्यूफे याने, १७३३ साली. हा गृहस्थ राजाच्या बागेचा प्रमुख. त्याने काचेची नळी घासून सोन्याच्या वर्खाजवळ धरली. वर्ख झेपावला, नळीला शिवला आणि लगेच दूर पळाला. नळी खाली धरून त्याला हवेत तरंगत ठेवता येई! नळीचीच वीज त्याने घेतली, म्हणून नळी त्याला लोटते, हे द्यूफेने ताडले. मग त्याने घासलेली राळ जवळ नेली. तीही लोटणार, ही त्याची खात्री. वर्ख थेट राळेला जाऊन बिलगला! द्यूफे चक्रावला, पण ‘वाऱ्याने गेला असेल’ असे म्हणाला नाही. विजेचे दोन प्रकार आहेत, सारखे एकमेकांना लोटतात आणि भिन्न ओढतात, असे त्याने मांडले. धन आणि ऋण ही नावे पुढे फ्रँकलिनने दिली.

नातीला मी कपट्याचेच सांगितले. केसांवर घासताना कंगवा केसांतले इलेक्ट्रॉन घेतो व ऋण होतो. कपट्यावर जादा भार नसतो, पण कंगवा जवळ येताच त्याच्यातले ऋण भार किंचित मागे सरतात, धन बाजू पुढे येते आणि तो ओढला जातो. चिकटल्यावर कंगव्याचा थोडा ऋण भार हळूहळू त्याच्यात उतरतो. आता दोघेही ऋण. मग कसली मैत्री?

“मग दुसऱ्या जातीची वीज कुठंय?” तिने विचारले.

संध्याकाळी चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा बारीक तुकडा आम्ही रेशमाच्या धाग्याने टांगला. कंगव्याला शिवून तो असा बिथरला की कंगवा पुढे करावा तिकडून पळे. मग मी माझी जुनी परीक्षानळी काढली आणि हिच्या रेशमी शेल्यावर खसाखसा घासली. नळी जवळ नेताच तुकडा तिच्यावर झेपावला. नातीने टाळ्या पिटल्या. आतून शेल्याची चौकशी सुरू झाली होती.

त्या मुलाचे नाव मला आठवते, पत्ता नाही. आता तो साठीकडे झुकला असेल. नातीच्या वहीत ‘कपटे चिकटतात’ असे लिहिले होते. त्यापुढे तिने माझ्यादेखत लिहिले : ‘आणि थोड्या वेळाने उडतात.’