वरचे दूध, देशी गाय आणि मुलांचा मधुमेह

देवळाली कॅम्पहून मुंबईच्या बाजूला निघाले की घोटी-इगतपुरीचा पट्टा लागतो. डांगी गाईचा हा मुलूख. धो धो पावसात भाताच्या खाचरात राबणाऱ्या या जातीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर टिकत नाही. दूध मात्र बेताचेच. तरी अलीकडे शहरांत देशी गाईच्या दुधाच्या बाटलीवर ‘ए-टू’ अशी चिठ्ठी लागते, भाव चढतो, आणि हे दूध पिणाऱ्या लेकराला मधुमेह होत नाही असेही कानावर येते. हा दावा हवेतून आलेला नाही. त्यामागे चाळीस वर्षांचे संशोधन आहे. फक्त त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही.

लहान मुलांना बहुतेक वेळा होतो तो टाइप-वन मधुमेह. त्यात गोड खाण्याचा दोष नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. आणि हे फार लवकर सुरू होऊ शकते: जनुकीय धोका असलेल्या मुलांचे रक्त जन्मापासून तपासत गेल्यावर दिसले, की इन्सुलिनविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्याचदा ९ ते २४ महिन्यांच्या वयातच पहिल्यांदा उमटतात. आजार दिसायला त्यानंतर काही महिने, कधी कित्येक वर्षे लागतात. मग संशय बाळाच्या वाटी-चमच्यावर जाणारच. १९८४ साली स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासकांनी दाखवले, की मधुमेही मुलांना त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा अंगावरचे दूध कमी काळ मिळाले होते.

यापुढची कल्पना फिनलंडमध्ये रुजली, जिथे या आजाराचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. इन्सुलिन हा ५१ अमिनो आम्लांचा रेणू. गाईच्या दुधातही तो किंचित असतो, आणि माणसाच्या इन्सुलिनहून फक्त ३ ठिकाणी वेगळा. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात शिरलेल्या या परक्या इन्सुलिनवर प्रतिकारशक्ती एकदा चिडली, तर पुढे घरच्या इन्सुलिनलाही ती सोडणार नाही. युक्तिवाद इतका देखणा, की तो खरा निघाला नाही तर वाईट वाटावे.

न्यूझीलंडच्या बॉब एलियट यांनी १९९९ मध्ये दुसरा धागा ओढला. दुधातल्या बीटा केसिन या प्रथिनात ६७व्या जागी हिस्टिडिन असेल तर ते ए-वन, प्रोलिन असेल तर ए-टू. ए-वन जास्त पिणाऱ्या देशांत टाइप-वन मधुमेह जास्त, असे त्यांना आढळले. पण ही झाली देशादेशांची सरासरी. त्या देशांत दुधाखेरीज ऊन, जनुके, जंतुसंसर्ग, सगळेच निराळे. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशी गाई तपासल्या, तर जवळपास सगळे दूध ए-टूच. म्हशींचे तर झाडून सारे. म्हणजे आपल्या चहातले म्हशीचे दूधही ए-टूच, चिठ्ठी नसलेले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये बाटल्यांवरचे ‘ए-टू’चे दावे काढून टाका असा आदेश दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला.

गाईच्या दुधावरच्या संशयाची खरी कसोटी लागली ती ‘ट्रिगर’ नावाच्या चाचणीत. १५ देशांतली २,१५९ बाळे, प्रत्येकाच्या आई, वडील किंवा भावंडाला टाइप-वन मधुमेह, आणि बाळाच्या जनुकांतही धोका. अंगावरच्या दुधाला जोड म्हणून काहींना नेहमीची दूध पावडर, तर काहींना प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर. आधीच्या २३० बाळांच्या छोट्या चाचणीत अशा पावडरीने प्रतिपिंडे निम्म्यावर आली होती, त्यामुळे आशा मोठी होती. २०१८ मध्ये निकाल आला: सुमारे साडेअकरा वर्षांनी तुकडे केलेल्या गटात ८.४ टक्के मुलांना मधुमेह, नेहमीच्या गटात ७.६ टक्के. फायदा शून्य. गव्हातले ग्लूटेन बाळ वर्षाचे होईपर्यंत लांबवून पाहणारा जर्मन प्रयोगही असाच फसला.

अंगावरच्या दुधाची बाजू मात्र पूर्ण पडलेली नाही. डेन्मार्क-नॉर्वेतल्या दीड लाखाहून अधिक मुलांच्या २०१७च्या अभ्यासात, ज्यांना ते अजिबात मिळाले नाही त्यांच्यात धोका सुमारे दुप्पट दिसला. किती महिने मिळाले याने फारसा फरक पडला नाही. स्तनपानाच्या चळवळीला आपल्याकडे अशा पुराव्याची वाट पाहावी लागली नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात मातृदुग्ध पेढी काढली, १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपान प्रसाराचे देशव्यापी जाळे उभे राहिले, १९९२ मध्ये डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला कायद्याने आळा बसला. या चळवळीची लढाई जुलाब आणि कुपोषणाशी होती. वर्षाच्या आत वरचे दूध नको, याचेही ठोस कारण मधुमेह नसून गाईम्हशीच्या दुधातले तुटपुंजे लोह आहे.

या आजाराची भारतीय मुले आज दोन लाखांवर मानली जातात. बाळाचे वजन उतरत असेल, पाणी पिणे आणि लघवी अचानक वाढली असेल किंवा लघवीच्या जागी मुंग्या लागत असतील, तर दूध कोणत्या गाईचे हे शोधत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बोटातल्या थेंबभर रक्ताची साखर तपासून घ्यावी.