डोईवर काय असावे? पगडी, फेटा, टोपी आणि मोरपिसांचा टोप



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने पगडी-टोपीवर काय म्हणून बोलावे, असे कोणाला वाटेल. परंतु ज्याला डोक्यावरून मोळी, पाटी नाही तर गोणी वाहावी लागते, त्याच्याइतका डोक्याचा विचार दुसरे कोण करणार? शिवाय कोणी कोणापुढे पागोटे उतरवायचे, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाहून फार लांबचा नाही. म्हणून या विषयाची फोड करून सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

आपल्या भाषेकडे पाहा. पक्ष बदलला तर ‘टोपी फिरवली’ म्हणतो, फसवले तर ‘टोपी घातली’ म्हणतो. मुंबईत भाड्याची खोली घेताना घरमालकाच्या हातावर जी रक्कम ठेवावी लागे, तिचे नाव ‘पगडी’; आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यताही दिली. अब्रू, निष्ठा आणि पैसा, तिन्ही गोष्टी आपण डोक्यावरच्या कापडाशी बांधून टाकल्या आहेत.

आता प्रकार पाहू. पगडी आणि फेटा यांत मुख्य भेद बांधणीचा आहे. पगडी कारागीर एकदा बांधून, शिवून पक्की करतो, तो पगडबंद. घालणाऱ्याने ती नुसती उचलून डोक्यावर ठेवायची. फेटा म्हणजे मोकळे लांब कापड. ते दरवेळी नव्याने बांधावे लागते आणि सोडले की पुन्हा कापडच. पटका, मुंडासे, रुमाल ही याच गोतातली मंडळी. याचा अर्थ लक्षात घ्या. पगडी एकाच कामाची. पण शेतकऱ्याचे मुंडासे उन्हात सावली देते, ओझ्याखाली चुंबळ होते, थंडीत कान झाकते, भाकरी बांधायला उपयोगी पडते आणि विहिरीवर पोहऱ्याची दोरी तोकडी पडली तर तिलाही जोड देते. कष्टाच्या माणसाने फेटा धरला आणि बैठकीच्या माणसाने पगडी धरली, त्याचे कारण हे आहे.

पगड्यांतही भेद होते. शिंदेशाही, होळकरी, पुणेरी अशा नावांवरूनच कोण कोणत्या दरबारचा, हे कळे. ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या डोक्यावर पगडी होती. लोकमान्य टिळकांच्याही होती. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या बाजूला महात्मा फुल्यांचे पागोटे आहे. २०१८ साली पुण्यातल्या एका सभेत शरद पवारांनी पाहुण्यांना पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी घालावी असे सांगितले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात वाद माजला. पुष्कळांना तो वाद पोरकट वाटला. मला तो तसा वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर जे ठेवाल, त्याचे विचार तुम्ही मान्य करता असे लोक समजतात, आणि ते चुकीचे नाही.

पांढऱ्या खादीच्या टोपीने हे सारे दरबारी भेद पुसून काढले. तिला गांधी टोपी म्हणतात, परंतु गंमत अशी की स्वतः गांधीजींनी ती फार थोडी वर्षे घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईस त्यांनी पंचा स्वीकारला आणि डोके उघडे ठेवले. टोपी मात्र लोकांनी सोडली नाही. हातभर कापड, चार टाके, स्वस्त, धुतली की स्वच्छ, आणि वकिलाच्या नि हमालाच्या डोक्यावर सारखीच. खानदेशातल्या म्हाताऱ्यांच्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर ती आजही दिसते.

जगात इतरत्रही हीच कथा आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक लोकरीची गोल चपटी टोपी घालीत. त्यांनी राजाविरुद्ध केलेला उठाव मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने त्यांचा पारंपरिक पोशाखच बंद केला; ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. सवलत फक्त सरकारी पलटणींतल्या शिपायांना. आज तिथला सामान्य नागरिक समारंभाला तो पोशाख करतो तेव्हा त्याच्यापुढे निवड असते: गोल बॅल्मोरल घ्यावी, की होडीच्या घाटाची, पलटणीची आठवण देणारी ग्लेनगॅरी? आणि गरुडाचे पीस कोणी खोवावे यालाही रीत आहे. कुळाच्या प्रमुखाला तीन, त्याच्या खालच्याला दोन, मानचिन्हाचा अधिकार असलेल्याला एक. बाकीच्यांनी पीस लावायचे नाही.

आता आपल्या अक्कलकुवा तालुक्याकडे येऊ. काठीच्या राजवाडी होळीला नाचणाऱ्या बुध्याच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांनी सजवलेला उंच टोप असतो. कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू, अंगावर नक्षी. तिथले पीस हुद्द्याने मिळत नाही, नवसाने मिळते. ज्याने नवस बोलला, त्याने पाळणी पाळायची, खाटेवर न निजता जमिनीवर निजायचे, व्रताचे नियम सांभाळायचे. गरिबातला गरीब मजूरही हा टोप घालू शकतो आणि कितीही श्रीमंताला तो विकत घेता येत नाही. स्कॉटलंडच्या पिसापेक्षा आपल्या डोंगरातले पीस मला मोठे वाटते ते यासाठी.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सभेला आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर असा टोप चढवून छायाचित्र काढण्याची जी रीत पडू पाहते, ती बरी नव्हे. ज्याने पाळणी केली नाही, त्याला तो टोप देणे म्हणजे न झालेल्या कामाची मजुरी देणे होय. पाहुण्याला फेटा बांधा, टोपी द्या. त्यात मान पुरेपूर आहे.

मग निवड कशी करावी? मी तीन कसोट्या सांगतो. पहिली कामाची. उसाच्या फडात गुजरातेत जाणाऱ्या आमच्या माणसाला सुती टॉवेल किंवा मुंडासेच बरे. घाम टिपते आणि पाचटापासून डोके वाचवते. परंतु फिरत्या यंत्राजवळ फेट्याचा शेव मोकळा सोडणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २२ चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगासरशी कपडे घालावे असे सांगत असे. डोक्यालाही तोच न्याय लावा. बांधकामावर शिरस्त्राण पाहिजे, आणि ते मालकाने द्यायचे, मजुराने विकत आणायचे नाही.

दुसरी कसोटी प्रसंगाची. लग्नाला फेटा शोभतो, पण तो सुती असावा आणि बांधणाऱ्या हाताला दाम मिळावा. तयार चिकटवलेले फेटे स्वस्त पडतात खरे. मात्र त्यांनी बांधणाऱ्याची विद्याही जाते आणि रोजगारही जातो. शोकाच्या घरी साधी पांढरी टोपी पुरे.

तिसरी कसोटी हक्काची. जे डोक्यावर घालतो ते कोणाचे आहे, ते आपण कमावले आहे काय, आणि ते घातल्याने कोणाला खाली पाहावे लागते काय, एवढे विचारावे.

एका जुन्या रिवाजाने आपल्या लोकांना फार छळले. सावकारापुढे, अंमलदारापुढे पागोटे उतरवून पायाशी ठेवायचे. १९७२ पासून शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली भूमिहीन आदिवासी उभे राहिले, तेव्हा मागणी जमिनीची आणि मजुरीची होती. परंतु ताठ मानेने बोलण्याचा हक्क त्यातच आला. मान ताठ असेल तर डोके उघडे असले तरी चालते. ती वाकलेली असेल तर भरजरी पगडीही घसरून पडते.