साथीचे बारसे

माणसाचे नाव चुकले तर फार तर हसे होते. रोगाचे नाव चुकले म्हणजे निरपराध्यास शिक्षा भोगावी लागते. हे विधान ज्यांना अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी २००९ सालची इन्फ्लुएन्झाची साथ आठवावी.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मेक्सिको व अमेरिकेत आढळलेल्या नव्या विषाणूचे नाते डुकरांतील विषाणूंशी जुळले, आणि त्याचे बारसे 'स्वाइन फ्लू' असे झाले. वस्तुतः तो पसरत होता माणसाच्या खोकल्या-शिंकांतून. परंतु जगाने बोट दाखविले डुकराकडे! इजिप्तमध्ये तर एकही रोगी सापडला नसताना सरकारने सुमारे ३ लाख डुकरांच्या कत्तलीचा हुकूम सोडला. कैरोचा कचरा वाहून त्यावर डुकरे पोसणाऱ्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांची उपजीविका बुडाली, रस्तोरस्ती उकिरडे साचले, आणि जूनमध्ये रोग तेथे पोहोचायचा तो पोहोचलाच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच!

ही खोड जुनी आहे. १९१८ च्या भीषण साथीत युद्धमग्न राष्ट्रांनी बातम्या दडपल्या. तटस्थ स्पेनच्या वृत्तपत्रांनी त्या छापल्या, म्हणून साथ 'स्पॅनिश' ठरली. खरे बोलणाऱ्याच्याच कपाळी डाग लागला. हिंदुस्थानात तिलाच 'बॉम्बे फीव्हर' म्हणत, हे मुंबईकरांनी विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या एप्रिलअखेरीस 'एच१एन१' हे नाव स्वीकारले; पण ऑगस्टमध्ये पुण्यात देशातील पहिला बळी पडला, मास्कसाठी झुंबड उडाली, तेव्हाही लोकांच्या तोंडी जुनेच नाव होते. अक्षरे-आकड्यांचे नाव जिभेवर बसत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच स्थळ, व्यक्ती वा प्राणी यांची नावे नव्या रोगांस देऊ नयेत, आणि नाव सुटसुटीत असावे, हा संघटनेचा २०१५ चा दंडक आम्हांस योग्य वाटतो. तो असूनही २०२० साली ईशान्य भारतातील आपल्याच बांधवांना आपल्याच शहरांत 'करोना' म्हणून हिणविले गेले, याची आम्हांस लाज वाटते.

या पापात आम्हां वृत्तपत्रकारांचाही वाटा आहे. भडक नाव मथळ्यात शोभते, म्हणून ते आम्ही छापतो. पुढची साथ येईल तेव्हा प्रथम तिचे नाव तपासावे, मग ते छापावे. भीतीने रोग्याच्या सेवेस धावावे, शेजाऱ्याच्या अंगावर नव्हे!