झिर्कोनिया: भट्टीत कमावलेला चिवटपणा

सिरॅमिक म्हणजे कठीण, पण ठिसूळ, हा समज 1975 साली हादरला. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी ‘नेचर’मध्ये ‘सिरॅमिक स्टील?’ या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. विषय होता झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड.

शुद्ध झिर्कोनियाची खोड अशी, की भट्टीतून निवताना साधारण 1170 अंश सेल्सिअसखाली त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते चार-पाच टक्के फुगतात. वस्तू जागीच तडकते. या तिघांनी ही खोडच कामाला लावली. त्याची एक कृती अशी: मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) मिसळलेला झिर्कोनिया 1700 अंशांच्या आसपास भाजायचा, आणि मग 1400 किंवा 1100 अंशांच्या सुमाराला काही तास ठेवायचा. त्या वेळात आत भिंगाच्या आकाराचे, मायक्रॉनच्या जेमतेम पाचव्या भागाएवढे कण वाढतात. भोवतालच्या घट्ट पकडीमुळे त्यांची रचना थंड झाल्यावरही बदलत नाही. पुढे कधी चीर आली, की तिच्या टोकाशी पकड सैल होते, तिथले कण फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. मला या साऱ्या शास्त्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

मात्र वेळ चुकली, की सगळं बिघडतं. कमी तापवलं तर कण इतके बारीक राहतात, की चीर आली तरी बदलत नाहीत. जास्त तापवलं तर ते मोठे होऊन निवतानाच फुगतात आणि मजबुती ढासळते. शिवाय चिवटपणा आणि मजबुती यांचे कळस एकाच ठिकाणी येत नाहीत. चिवटपणा वाढवत नेला, तर एका मर्यादेनंतर मजबुती घटू लागते. म्हणून वस्तू कशासाठी हवी, हे भट्टी पेटवण्याआधी ठरवावं लागतं.

भट्टीतल्या चुकीची किंमत रुग्णांनीही मोजली आहे. मॅग्नेशियाऐवजी इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियाचे खुब्याच्या कृत्रिम सांध्यातले गोळे एक फ्रेंच कंपनी बनवत असे. तिने भट्टीचा प्रकार बदलला. त्यानंतरच्या काही खेपांतले शेकडो गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटले आणि 2001 मध्ये माल परत मागवावा लागला.

आज दातांच्या अनेक कॅप याच इट्रियावाल्या झिर्कोनियाच्या असतात आणि 1500 अंशांच्या आसपास भाजल्या जातात. तुम्ही अशी कॅप बसवणार असाल, तर ती बनवणारी लॅब झिर्कोनियाच्या उत्पादक कंपनीने ठरवून दिलेलं तापमान आणि वेळ पाळते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.