आधी प्रश्न, मग यंत्रे

तरुणांसाठी रोबोटिक्स व डिजिटल नकाशांचे मंडळ काढावयाचे ठरले की पहिली बैठक बहुधा खरेदीच्या यादीवरच संपते. तयार यंत्रमानवांचे संच, त्रिमितीय छपाईयंत्र, ड्रोन अशी नावे कागदावर उतरतात आणि एवढा पैसा आणावयाचा कोठून, या विवंचनेत उत्साह ओसरतो. वस्तुतः अशी यादी दुकानातील फलक पाहून नव्हे, तर गावाचा प्रश्न पाहून करावयास हवी. वसई-विरारमध्ये तो प्रश्न दर पावसाळ्यात उंबरठ्याशीच येऊन उभा राहतो.

या भूभागाच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की डोंगरावरून उतरलेले पाणी सखल भागात तुंबून राहते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन विरारकडील रेल्वे वाहतूक बंद पडली; मिठागरांत अडकलेल्यांची सुटका करावी लागली. 2009 मध्ये चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून येथे महापालिका झाली. वस्ती वाढत गेली, तशी हरित पट्ट्यातील वाड्यांना पिढ्यानपिढ्या पाणी पुरविणारी बावखले मात्र ठिकठिकाणी बुजत गेली. कोणत्या गल्लीत किती पाणी चढते, किती वेळ थांबते, कोणते बावखल अद्याप जिवंत आहे, हे नकाशावर नोंदविणे हेच येथील मंडळाचे पहिले कार्य ठरावे.

या कार्यास लागणारी पहिली साधने अगदी साधी आहेत. पूर ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ उरते. तिची रस्त्यापासूनची उंची मोजण्यास मोजपट्टी, खडू व वही पुरते. स्थाननिश्चितीसाठी मोबाईल उपयोगी पडतो. परंतु मोकळ्या आकाशाखालीही त्याचे माप काही मीटरांनी चुकू शकते आणि उंचीच्या बाबतीत तर ते अधिकच अविश्वसनीय असते. पाणी घरात शिरणार की नाही, हे मात्र काही इंचांवर ठरते. म्हणून दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक काढण्यास गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळीच अधिक भरवशाची. जमविलेल्या नोंदी नकाशावर चढविण्यासाठी एक संगणक आणि क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा सामान्य नागरिकांनी घडविलेला जगाचा नकाशाही त्यासाठी सर्वांना खुला आहे.

यानंतर रोबोटिक्सची पाळी येते. ओढ्यावरील पुलाखाली ध्वनिलहरी सोडणारा संवेदक बसविला, तर लहर पाण्यावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याची पातळी कळते. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. त्या वेळाचे निम्मे करून गुणाकार केला की अंतर निघते. शालेय भौतिकशास्त्रातील हे सूत्र असे पुलाखाली उभे राहिले की विद्यार्थ्याला ते निराळे पाठ करावे लागत नाही. त्यासाठी हवेत आर्डुइनोसारखे नियंत्रक फलक, पाण्यापासून सुरक्षित संवेदक, बॅटरी, लहान सौरपट्टी, डाख देण्याची इस्त्री आणि मल्टिमीटर. यांतील शेवटच्या दोन वस्तू याद्यांतून हमखास सुटतात, आणि पहिल्याच पावसात बंद पडलेले यंत्र मग कपाटात जाते.

ड्रोन सर्वांत शेवटी घ्यावा. 2021 च्या ड्रोन नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतच्या लहान ड्रोनसाठी चालकाच्या प्रमाणपत्राची अट ठेवली नाही हे खरे. परंतु कोणत्या हवाई क्षेत्रात उड्डाण करता येते, हे पाहण्याचे बंधन कायमच आहे. शिवाय वरून काढलेल्या छायाचित्रात दिसणारे पाणी किती खोल आहे, ते जमिनीवर मोजल्यावाचून कळत नाही.

मुलांच्या मोजमापावर कोणी विसंबावे, असा आक्षेप निघेल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर शिस्तीत आहे. प्रत्येक माप तिघांनी स्वतंत्रपणे घ्यावे, तारीख, वेळ व भरतीची वेळ लिहावी, शंकास्पद नोंद खोडून न टाकता तशीच ठेवावी. वाहत्या पाण्यात कोणीही उतरू नये, हा नियम तर सर्वांच्या वर असावा.

शासनाने 2016 मध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आणली. तीत निवडलेल्या शाळेस सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. ज्या शाळांत अशी प्रयोगशाळा असेल त्यांनी ती सुटीच्या दिवशी परिसरातील तरुणांसही खुली केली, तर निम्मी खरेदी टळेल. उरलेल्या निम्म्यासाठी निधी मागताना किमतींच्या तक्त्याऐवजी मंडळाने स्वतः तयार केलेला एका गल्लीचा नकाशा पुढे ठेवावा. देणाऱ्याचा विश्वास त्याने अधिक बसेल. आणि निधी मिळाला नाही, तरी पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीतील रहिवाशांना सामान केव्हा व किती उंच उचलून ठेवावयाचे, एवढे तरी आधी कळेल.