उन्हाळ्यात महाबळेश्वर, हिवाळ्यात अबू

व्यापाऱ्याच्या पंचांगात सुट्टी नावाचा वारच नसतो, असे थट्टेने म्हटले जाते. परंतु या थट्टेत सत्याचा अंश बराच आहे. पेढी उघडण्याची वेळ ठरलेली असते, बंद करण्याची मात्र नसते. हंगाम संपला की वसुली, वसुली झाली की हिशेब, आणि हिशेब मिटतो न मिटतो तोच लग्नसराई! "यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू," हे वाक्य आपल्या बहुतेक घरांतून दरवर्षी ऐकू येते. तेवढ्यात मुले मोठी होऊन परगावी जातात आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे डोंगर चढण्यास नकार देऊ लागतात. मालाची खतावणी आपण काटेकोरपणे ठेवतो. विश्रांतीचीही ठेवावी, या हेतूने दोन पर्वतस्थानांची माहिती आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

उन्हाळ्यासाठी आमची पहिली पसंती महाबळेश्वरास आहे. ३१ मार्चचे हिशेब मिटलेले असतात, शाळा सुटलेल्या असतात. बेळगाव-निपाणीकडील मंडळींनी साताऱ्यास उतरून मेढ्याच्या मार्गाने वर जावे. पुण्याकडून येणाऱ्यांस वाई व पसरणीचा घाट ओलांडून पाचगणी लागते. सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या या पठारावर मे महिन्यातही झाडीतून फिरता येते आणि रात्री अंगावर पांघरूण लागते.

१८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे आरोग्यस्थान वसविले; पूर्वीचे माल्कमपेठ हे नाव त्यावरूनच पडले. परंतु क्षेत्र महाबळेश्वर याहून कितीतरी प्राचीन आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानला जातो. पैकी कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते, तर सावित्री कोकणात उतरून पश्चिम समुद्रास. एकाच डोंगरावरचे पाणी दोन दिशांच्या दोन समुद्रांकडे कसे जाते, हे मुलांस नकाशा हाती देऊन तेथेच दाखवावे. भूगोलाचा असा पाठ वर्गात मिळत नाही.

ज्यांस मे महिन्याची गर्दी सोसत नाही, त्यांनी महाबळेश्वरी थंडीत जावे. त्या दिवसांत स्ट्रॉबेरीचे मळे बहरलेले असतात, आणि कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठून गवत पांढरे झालेले दिसते. तेथील गाजरे प्रसिद्ध आहेत. पण कंदमूळ वर्ज्य असलेल्या आपल्या घरांनी खेद करण्याचे कारण नाही. स्ट्रॉबेरी आणि तुती ती उणीव भरून काढतात.

हिवाळ्यासाठी मात्र आम्ही अबूचे नाव घेऊ. दिवाळीचे वहीपूजन उरकल्यानंतर संक्रांतीपर्यंतचा काळ यास उत्तम. वडोदरा व इंदूरच्या सभासदांस हे स्थान तसे जवळचे. बेळगाव-हैदराबादकरांस लांबचे, तरी एकदा अवश्य पाहावे असे. अहमदाबादवरून दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अबू रोड स्थानक आहे, आणि तेथून सुमारे २८ किलोमीटरचा घाट चढून वर जावे लागते. १९५० ते १९५६ या काळात हा प्रदेश मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो राजस्थानात गेला. अबूची उंची सुमारे चार हजार फूट. जवळचे गुरुशिखर १,७२२ मीटर उंच असून अरवली पर्वताचे ते सर्वोच्च शिखर आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवस उबदार व सुखद असतात. रात्री मात्र पारा कधीकधी शून्यापर्यंत उतरतो.

अबूचे खरे वैभव म्हणजे देलवाड्याची मंदिरे. विमलशाहाने १०३१ साली आदिनाथांचे मंदिर उभारले. पुढे १२३० च्या सुमारास वस्तुपाल व तेजपाल या बंधूंनी आपल्या दिवंगत भावाच्या, लूणिगाच्या, स्मरणार्थ नेमिनाथांचे मंदिर बांधले. बाहेरून ही मंदिरे साधी दिसतात. आत पाऊल टाकताच मात्र संगमरवराचे मेण झाल्याचा भास होतो. कारागिरांस कोरून काढलेल्या भुकटीच्या वजनाने मजुरी दिली जाई, अशी आख्यायिका आहे. वस्तुपाल-तेजपाल हे वणिक् कुळातील मंत्री होते. संपत्ती कशी मिळवावी हे आपण मुलांस शिकवितोच. ती कोठे व कशी वेचावी, हे त्यांस येथे पाहता येईल.

प्रवासाविषयी दोन शब्द. मुक्कामाची सोय आधी पत्राने वा दूरध्वनीने निश्चित करावी. सूर्यास्तापूर्वी भोजन घेणाऱ्यांनी तसे पोहोचताच सांगून ठेवावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी वैद्याचा सल्ला घेऊन निघावे. घाटात ज्यांना मळमळते त्यांनी पोट जड ठेवू नये. आणि देलवाड्यात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, ती पाळावी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही दोन्ही स्थाने आता पाहुण्यांच्या ओझ्याखाली वाकली आहेत. केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी व २००९ साली अबू हे प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले, ते उगीच नव्हे. जेथे हजारो इंच नव्हे, पण शेकडो इंच पाऊस पडतो त्या महाबळेश्वरासही उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. आपण पाणी बेताने वापरावे आणि प्लॅस्टिकचा कचरा परत खाली आणावा. तसेच घोडेवाल्याशी वा फळविक्रेत्याशी चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. पावसाळ्याचे चार महिने त्याची मिळकत आटलेली असते. हंगामावर जगणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास कोणी सांगण्याची आवश्यकता नाही.

दुकान चार दिवस मुनिमाच्या किंवा धाकट्या बंधूच्या हाती सोपविल्याने बुडत नाही. उलट त्याच्या अंगी जबाबदारी येते. घरातील मुलांनी आपले वडील केवळ गादीवर बसलेलेच पाहिले असतील, तर त्यांनी ते डोंगरवाटेवर चालताना, हसताना, दमून दगडावर टेकलेलेही एकदा पाहावेत. यंदाची नवी वही उघडाल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर, शुभ-लाभाखालीच, प्रवासाची तारीख लिहून ठेवा, एवढीच आमची सर्व सभासदांस विनंती आहे.